शाम्पूच्या पुडीत काय आहे ते पुडीवर छापा : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

कराडजवळ ओगलेवाडीत मी पार्लर चालवते. गेल्या हंगामात ऊसतोडीच्या टोळीतली एक मुलगी आईला घेऊन आली. लग्न ठरलं होतं, केसांना मेंदी लावायची होती. तीन तास ठेवली तरी रंग चढेना. केस हाताला बुळबुळीत, मुळाशी चप्प बसलेले. काय लावतेस म्हणून विचारलं, तर तिनं पिशवीतून तीन पुड्या काढल्या. दोन शाम्पूच्या, एक कंडिशनरची. (आई शिकेकाईच लाव म्हणत होती, पण फडावर ती उकळत बसायला सवड कुणाला आहे?) चष्मा लावून मी पुड्या उलटसुलट पाहिल्या. दोन पुड्यांवर किंमत होती, तारीख होती, कारखान्याचा पत्ता होता. आत काय घातलंय, ते कुठेच नव्हतं.

कुणीतरी नियम मोडलाय असं मला वाटलं. चौकशी केली तेव्हा कळलं की नियमातच तशी सूट आहे. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे वेष्टनावर घटकांची यादी छापावी लागते. पण द्रवपदार्थ ६० मिलिलिटरपेक्षा कमी आणि घट्ट पदार्थ ३० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर यादी नसली तरी चालते. म्हणजे मोठी बाटली घेणाऱ्याला सगळं वाचायला मिळतं. वाडीवस्तीवर, फडावर, रोजच्या रोज एक-दोन रुपयांची पुडी घेणाऱ्या बाईला मात्र काहीच कळत नाही. मला याचा राग आहे, म्हणून हे पत्र.

यादीत मला जे शोधायचं असतं ते सिलिकोन. आमचं गाव काचेचं. इथल्या कारखान्याचे प्रभाकर कंदील एकेकाळी महाराष्ट्रभर जळायचे. काच ज्या वाळूतल्या सिलिकापासून होते, त्याच सिलिकावर बऱ्याच रासायनिक प्रक्रिया करून सिलिकोन बनतं, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. ते केसावर पातळ थर धरतं, केसाला केस घासत नाही, कंगवा सरकतो, चमक येते. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं ज्यांचे केस राठ झालेत, त्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो. मी स्वतः वापरते आणि त्याला विष म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. पण डायमेथिकोनसारखं सिलिकोन पाण्यात विरघळत नाही. सल्फेटवाल्या, म्हणजे भरपूर फेस करून जोरात धुणाऱ्या शाम्पूनं ते बरंचसं निघतं. सौम्य शाम्पूनं मागे राहतं आणि थरावर थर चढतो. अमोडायमेथिकोन हे दुसरं सिलिकोन तर खराब झालेल्या केसालाच जास्त धरून राहतं. मग केस जड होतात, तेलकट वाटतात, आणि बाई आणखी एक पुडी फोडते. यादी असती तर तिला सांगता आलं असतं की आठवड्यातून एकदा सिलिकोन नसलेला शाम्पू लाव. त्या मुलीच्या बाबतीत मी अंदाजानंच काम केलं. साध्या शाम्पूनं दोनदा केस धुतले, दोन दिवसांनी पुन्हा मेंदी लावली, तेव्हा कुठे रंग आला.

दुसरी गोष्ट नदीची आहे. काही सिलिकोनांचे रेणू साखळीऐवजी कड्याच्या आकाराचे असतात, त्या सिलिकोनांना डी४, डी५, डी६ म्हणतात. ती निसर्गात लवकर मोडत नाहीत आणि जिवांच्या शरीरात साठतात, म्हणून युरोपीय संघानं ३१ जानेवारी २०२० पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत डी४ आणि डी५ प्रत्येकी ०.१ टक्क्याच्या खालीच ठेवायला लावली. २०२४च्या नियमानं डी६ही त्यात आलं, आणि जून २०२७पासून केसांवर तशाच राहणाऱ्या सिरमसारख्या वस्तूंनाही ही मर्यादा लागेल. आमच्या न्हाणीघरांचं पाणी कोयनेला आणि कृष्णेला मिळतं. या दोन नद्या कराडला जिथे मिळतात त्या प्रीतिसंगमाच्या खालची गावं तेच पाणी उचलतात. इथे विकल्या जाणाऱ्या पुड्यांत ही तीन द्रव्यं किती आहेत, हे आपल्या खात्यानं नमुने घेऊन तपासावं आणि आकडे जाहीर करावेत.

नियम बदलणं केंद्राच्या हातात आहे, हे मला ठाऊक आहे. पण कारखान्यांना उत्पादनाचा परवाना राज्याचं खातं देतं, आणि ६० मिलिलिटरची सूट काढा असं केंद्राच्या औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे मांडायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. पुडीवर जागा नसेल तर पुड्यांची जी माळ दुकानात टांगलेली असते, तिच्या वरच्या पट्टीवर यादी छापता येईल. अक्षर वाचता येईल एवढं मोठं हवं आणि नावं देवनागरीतही हवीत. डायमेथिकोन हा शब्द इंग्रजीत वाचू न शकणाऱ्या बायकाच माझ्याकडे जास्त येतात.

त्या दोन्ही पुड्या मी गल्ल्याच्या खणात ठेवल्या आहेत. आपल्या साताऱ्याच्या कार्यालयातून कुणी आलं तर दाखवीन.

आपली,
एक पार्लरचालक
ओगलेवाडी, ता. कराड, जि. सातारा