डोंगरावरचं पुंजणं

ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर
16 एप्रिल 2023

प्रिय मित्रा,

कॅलिफोर्नियातून तुझा फोन येऊन गेला त्याला आठ दिवस झाले. "आता पाऊस थांबला, छान ऊन पडलं आहे, बाबूजींना सांग काळजी करू नका," असं तू म्हणालास आणि मीही "बरं" म्हणून फोन ठेवून दिला. तेव्हापासून तुझं ते वाक्य डोक्यातून जात नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, त्यात बाबूजी शेजारी खाटेवर कान देऊन बसलेले. म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबेल, पण सगळं वाच.

आधी इकडचं. मार्चात अवकाळीने दणका दिला. हरभरा काही जणांचा खळ्यावरच भिजला, मोहफुलं पडायच्या वेळेला झाडाखाली चिखल झाला. माझं लाखोळी डाळीचं पीक आधीच घरात आलं होतं म्हणून वाचलं. माय बरी आहे. बाबूजींचा गुडघा दुखतो, तरी रोज संध्याकाळी काठी टेकत घाटापर्यंत जाऊन येतात. वैनगंगा आता इतकी आटली आहे की पलीकडची पोरं गुडघाभर पाण्यातून चालत येतात. आपण ज्या डोहावरून डोंग्याने शाळेत जायचो, तिथे नुसती रेती आहे.

हिवाळाभर बाबूजी मला एकच विचारत होते, "तिकडं पाऊस हिवाळ्यात कसा काय पडते गा?" त्यांना सांगता यावं म्हणून मी मिळेल ते वाचत गेलो. तुमच्याकडे पावसाळा म्हणजेच हिवाळा, उन्हाळा अगदी कोरडा, हे त्यांना पटायलाच दोन दिवस लागले. मग समुद्रावरून वाफेचा पट्टा येतो ते सांगितलं. हजारो किलोमीटर लांब आणि काहीशे किलोमीटर रुंद अशी ती आभाळातली नदीच, शास्त्रज्ञही तिला वातावरणातली नदी म्हणतात. ती सिएरा नेवाडाच्या डोंगराला धडकली की वर चढते, थंड होते आणि अंगातलं पाणी तिथेच टाकते. आपल्या सह्याद्रीवर ढग अडतात तसंच. खाली पाऊस, वर बर्फ. 26 डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत अशा नऊ नद्या एकामागून एक तुमच्या राज्यावर येऊन गेल्या, आणि तेही आधीची तीन वर्षं नोंदीतली सर्वांत कोरडी गेलेली असताना.

बर्फाचं मात्र त्यांना काही केल्या समजेना. फ्रिजमधला बर्फ दाखवून काय होणार? शेवटी मी म्हटलं, "बाबूजी, आपण धान कापून पेंढ्यांचं पुंजणं रचून ठेवतो ना, आणि सवड मिळाली की चुरतो? डोंगरावरचा बर्फ म्हणजे पाण्याचं पुंजणं. हिवाळ्यात रचायचं, उन्हाळ्यात थोडं थोडं काढायचं. त्या राज्याच्या पाण्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या पुंजण्यातूनच येतो." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अन् पुंजणं एकदमच खाली आलं तर?"

मित्रा, मला तुला हेच विचारायचं आहे.

3 एप्रिलला तिथल्या जलखात्याच्या लोकांनी टाहो सरोवराजवळच्या फिलिप्स स्टेशनला बर्फ मोजला. धातूची नळी बर्फात खुपसतात, बर्फासकट वर काढतात आणि वजन करतात. त्यावरून तो वितळला तर किती पाणी होईल ते निघतं. बर्फ भरला साडेदहा फूट, पाणी 54 इंच. आपल्या झाडीपट्टीत वर्षभर जेवढा पाऊस पडतो, जवळपास तेवढं पाणी जमिनीवर थिजून उभं आहे. हे ठिकाण तुझ्यापासून बरंच उत्तरेला आहे. तुझ्या व्हिसेलिया गावाच्या डोक्यावरचा जो दक्षिण सिएरा, तिथे सरासरीच्या तिप्पट बर्फ आहे. तुमचं कवीया धरण, किंग्ज नदीवरचं पाइन फ्लॅट, कितीही मोठी असली तरी तिप्पट बर्फाचं पाणी पोटात ठेवायला बांधलेली नाहीत. त्यांना पाणी सोडावंच लागेल, आणि ते ज्या दिवशी सोडतील त्या दिवशी तुझ्या अंगणात लख्ख ऊन असेल.

म्हणून "ऊन पडलं आहे" या तुझ्या शब्दांनी माझा जीव घाबरा झाला.

2020 चा ऑगस्ट तू इथे पाहिला नाहीस. लॉकडाऊनमुळे तुला येता आलं नाही आणि नंतर फोनवर मी तुला फार सांगितलंही नाही. आज सांगतो. महिनाअखेर होती. रोवणी कधीच आटोपली होती, धानाच्या बांध्या हिरव्यागार झाल्या होत्या. आपल्या गावात त्या दिवशी नाव घेण्यासारखा पाऊस नव्हता, ऊन-सावली चालली होती. बायकांनी अंगणात कपडे वाळत घातले होते. पाऊस पडला होता वर, मध्य प्रदेशात, शिवनी-बालाघाटकडे. वरच्या धरणांची दारं उघडली होती. आमच्यापर्यंत निरोप आला तेव्हा पाणी आधीच निघालेलं होतं. त्याचा राग अजून आहे, पण तो आज उगाळत नाही.

आम्ही सगळे घाटावर उभे राहून नदी बघत होतो. पाणी पायरीपायरीने चढत होतं, म्हातारे लोक जुन्या पुराच्या खुणा दाखवत होते, अजून दोन पुरुष उंची बाकी आहे म्हणत होते. आणि पाणी गावात आलं ते मागून. नदी फुगली तसा नाल्याला दाब बसला, नाला उलटा वाहू लागला आणि आमच्या पाठीमागच्या रस्त्यावर चढला. आम्ही समोर तोंड करून उभे, आणि तिकडे बाहेर पडायची वाट गेली. घरात पाणी शिरायला त्यानंतर चार तास लागले. म्हणजे चार तास घर कोरडं होतं आणि आम्ही अडकलेलो होतो. हे तू नीट ध्यानात ठेव. तुझ्या भागात कवीया नदी एका धारेने वाहत नाही, गावाजवळ ती फाटून सेंट जॉन्स आणि बाकीचे ओहोळ होतात. तुझ्या घरामागचा तो कोरडा ओहोळ तू मला व्हिडिओत दाखवला होतास, मुलं त्यात सायकल चालवत होती. मला नदीपेक्षा त्या ओहोळाची भीती वाटते.

रात्री आम्ही शाळेच्या गच्चीवर होतो. गुरांचे दावे मी स्वतः विळ्याने कापले. पांढरी गाय पोहत टेकडीवर गेली, तिचं वासरू मिळालं नाही. मार्चात तुमच्याकडच्या डेअऱ्यांतून ट्रक भरभरून गाई हलवल्याचा व्हिडिओ तू पाठवलास तेव्हा मला तो दावा आणि तो विळा आठवला. ते लोक वेळेवर हलले, त्यांचं मला फार बरं वाटलं.

दोन दिवसांनी पाणी उतरलं आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण मातीची भिंत पाण्यात उभी राहते रे. पाणी गेल्यावर, ऊन लागल्यावर ती बसते. आमची मधली भिंत तिसऱ्या दिवशी दुपारी पडली. माय तिथूनच नुकतीच उठून चुलीकडे गेली होती. तिने आत जाऊन तांदळाची कोठी बघायचा हट्ट धरला होता आणि मी तिला जाऊ दिलं होतं. अजून कधी कधी रात्री मला तो आवाज येतो. बांध्यांतल्या धानावर वीतभर गाळ बसला होता, त्याचा कुजका वास दिवाळीपर्यंत गेला नाही.

तुमची घरं लाकडाची, मातीची नाहीत, हे मला माहीत आहे. पण भिंतीच्या आत पाणी मुरतं ते तिथेही दिसत नसेलच. पाणी येऊन गेलं तर वहिनींना आणि पोरांना लगेच आत नेऊ नकोस. वीज कोणाकडून तरी तपासून घे. नळाचं पाणी उकळून घे. आमच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकूनही अर्ध्या गावाला जुलाब झाले होते.

आणखी एक गोष्ट वाचली आणि ती मला सोडत नाही. तुझ्या पश्चिमेला जी सपाट कापसाची, टोमॅटोची शेतं आहेत ना, तिथे पूर्वी ट्युलेअर सरोवर होतं. किंग्ज, कवीया, ट्युल आणि कर्न या चार नद्या त्यात येऊन मिळायच्या. मिसिसिपीच्या पश्चिमेला गोड्या पाण्याचं एवढं विस्तीर्ण सरोवर दुसरं नव्हतं. तिथले मूळचे योकुट लोक त्याच्या काठाने राहत, मासे धरत. नंतर नद्या वळवल्या, बांध घातले, तळाला नांगर लावला. यंदा मार्चात ते सरोवर परत आलं. हजारो एकर शेती पाण्याखाली गेली आणि बर्फ तर अजून वितळायचाच आहे. 1983 मध्येही ते असंच आलं होतं. तिथल्या कॉर्कोरन गावाखालची जमीन तर भूजल उपसून उपसून खचली आहे, तळ्याच्या काठचं गाव आणखी खोल गेलं आहे.

हे वाचताना मला आपला गावतलाव आठवला. त्याच्या पोटात लोकांनी बांध्या काढल्या, सात-आठ वर्षं छान पिकल्या, कोणी तिथे घरही बांधलं. मग एका श्रावणात तलाव पुरता भरला आणि घरात मासे फिरले. तेव्हा आपण नववीत होतो. बाबूजीच म्हणाले होते, तलाव आला नाही, तलाव इथंच होता. तुला आठवत असेल.

मी तुला घाबरवतो आहे असं वाटून घेऊ नकोस. तू तिथे घर घेतलंस, कर्ज काढलंस, मुलांची शाळा आहे, हे सगळं मला कळतं. नदीकाठचं गाव सोडून मीही कुठे गेलो? फक्त एवढं कर. मे-जूनमध्ये गरमी वाढली की रोज आभाळाकडे बघू नकोस, धरणातून किती पाणी सोडलं ते बघ. तुमच्याकडे ते आकडे रोज सगळ्यांसाठी जाहीर होतात. आमच्याकडे असते तर वासरू वाचलं असतं. बाहेर जायचे दोन रस्ते आधी ठरव आणि दोन्ही एकदा गाडीने फिरून ये, कुठला रस्ता ओहोळ ओलांडतो ते बघ. कागदपत्रं एका पिशवीत घालून ती दारामागे टांग. आईचा फोटो त्यातच ठेव. आमचे सगळे फोटो गेले, त्यात आपल्या दहावीचाही गेला. तुझ्याकडे असेल तर त्याची एक प्रत पाठव.

आंबे यंदा बरे धरले आहेत, वादळाने पाडले नाहीत तर. वहिनींना लोणच्याचं सांगून ठेव, मायने मसाला आतापासून काढून ठेवला आहे.

बाबूजी आत्ताच घाटावरून आले. पत्र कोणाला लिहितो विचारलं आणि माझ्यासमोर बसले आहेत. त्यांचा निरोप जसाच्या तसा लिहितो: "त्याले विचार, ओहोळाच्या तळापासून त्याच्या घराचा उंबरठा किती हात वर आहे. अंदाजानं नको म्हणा. तिथं जाऊन हातानं मोजून कळव म्हणा."

उत्तराची वाट बघतो आहे.

तुझा,
डोंग्यातला सोबती