मराठी लिंक वाचता येतील अशा पाठवा

संपादक साहेब, नमस्कार,

सिंहस्थ जवळ येतोय तसं नाशिककरांच्या व्हॉट्सॅपवर रस्ते, पार्किंग, घाटांची कामं यांच्या बातम्यांच्या लिंक सारख्या फिरतायत, पण मराठी लिंक म्हटली की नुसता टक्का, ई शून्य, टक्का, ए चार (%E0%A4) असा चार-पाच ओळींचा गिचमिड मजकूर येतो, आणि सायबर फसवणुकीच्या बातम्या वाचून धास्तावलेली माणसं ती उघडतच नाहीत. पंचवटीतल्या आमच्या ज्येष्ठ मंडळींच्या ग्रुपवर तर खरी बातमीसुद्धा "हॅकरची लिंक दिसतेय" म्हणून डिलीट होते. मला याचं फार वाईट वाटतं.

ते टक्के म्हणजे काही व्हायरस नाही हो. वेब पत्त्यात ठराविक इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हंच चालतात, इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या २००५ च्या आरएफसी ३९८६ या दस्तऐवजातही हाच नियम आहे. मग देवनागरीचं काय, तर युटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं संगणकात साठवायच्या पद्धतीत, आपल्या प्रत्येक अक्षराचे, काना-वेलांटी वेगळी धरून, तीन बाइट (साठवणीचे तुकडे) होतात आणि एकेक बाइट टक्का अधिक दोन खुणा असा लिहितात, यालाच एन्कोड करणं म्हणतात, म्हणजे एकाचे नऊ. नाशिक लिहायला ४५ खुणा लागतात आणि त्र्यंबकेश्वरला ११७! एवढं कोण वाचणार?

हे उलगडायला मोठा प्रोग्रामर लागत नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत यूआरएललिब डॉट पार्स (urllib.parse) मधलं अनकोट (unquote) हे तयार फंक्शन मागवायचं, लिंक त्याला द्यायची, झालं, दोन ओळींत मराठी समोर. एकदा चालवूनही टक्का ई शून्य असं काही उरलं तर लिंक दोनदा एन्कोड झालीय, परत एकदा चालवा. शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह आलं तर फॉरवर्ड करताना लिंक मधेच तुटलीय समजायचं. मात्र उलगडलेली लिंक वाचायला ठेवा आणि क्लिक करायला मूळचीच वापरा, कारण पत्त्यात स्पेस आली की व्हॉट्सॅप तिथेच लिंक तोडतं. आणि मराठी दिसलं म्हणून लिंक खरी, असंही धरू नका, आधी साइटचं नाव बघा, फसवणूक तिथेच होते. ते नाव भारत-वाल्या देवनागरी डोमेनचं असेल तर त्याचं कोडिंग निराळं, त्याला प्युनिकोड म्हणतात, तिथे अनकोटचा काही उपयोग नाही.

आता आपल्याकडे मागणी. अंकात लिंक छापता तेव्हा पत्ता सरळ मराठीत छापा, वाचकाने तो तसाच टाइप केला तरी ब्राउझर मागच्या मागे एन्कोड करतो. वेबसाइटवरच्या शेअर बटणातही जावास्क्रिप्ट या वेबसाइटच्या भाषेतलं डीकोडयूआरआय (decodeURI) हे उलगडायचं फंक्शन वापरून मराठी पत्ता कॉपी होईल असं आपल्या टेक टीमला सांगा, फक्त स्पेस परत टक्का वीस (%20, म्हणजे स्पेसचं एन्कोड केलेलं रूप) करून ठेवायला लावा म्हणजे लिंक तुटणार नाही. काम काही फार नाहीये. महापालिका आणि जिल्हा प्रशासनानेही सिंहस्थाच्या सूचना पाठवताना हेच करावं, आणि ते गर्दी सुरू व्हायच्या आधी व्हावं, एवढं आपण छापून त्यांच्यापर्यंत पोचवा.

आपला नियमित वाचक,
पंचवटी, नाशिक