मंत्रिमहोदया, आमचे पैसे शून्य आणि आमची गिऱ्हाइकं मालमत्ता?

प्रति,
माननीय कॉर्पोरेट व्यवहार मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया,

सादर नमस्कार. आपल्या कामाच्या व्यापातून एका पापड-कुरडयावालीचं पत्र वाचायला वेळ काढाल, अशी आशा आहे.

ज्या ऑनलाइन कंपनीच्या ॲपवर मी माल विकत होते, तिची दिवाळखोरीतली योजना, म्हणजे नव्या मालकाने कंपनी घ्यायची आणि कोणाला किती द्यायचं ते ठरवणारी, मंजूर झाल्याचा ईमेल गेल्या आठवड्यात आला. सोबतच्या तक्त्यात माझा दावा ‘मान्य’ आहे, ४ लाख १८ हजार रुपये. शेजारच्या रकान्यात मला मिळणारी रक्कम, शून्य. मान्य केल्याबद्दल आभारी आहे.

हे पैसे कशाचे, ते सांगते. नागपुरात महाल भागात माझा गृहउद्योग आहे. एप्रिल-मेमध्ये लोक कूलरसमोरून हलत नाहीत, तेव्हा आमच्या बाया पहाटे गव्हाचा चीक शिजवतात आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरडया घालून मोकळ्या होतात. मग सांडगे, मूगवड्या, सरगुंडे. किलोमागची मजुरी मी रोख चुकवली. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांनी ॲपवर आगाऊ पैसे भरले, कंपनीने आपलं कमिशन कापलं, वाटेत भुगा झालेल्या कुरडयांचं परतीचं भाडंही माझ्याच माथी मारलं. एवढं करून उरले ते माझे पैसे होते. कंपनीने ते आपल्या देण्याघेण्यात जिरवले.

तुमच्याच २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कलम १८ आहे. दुसऱ्याची मालमत्ता विश्वासाने ताब्यात असेल तर ती कंपनीची धरायची नाही, असं ते म्हणतं. मग माझ्या मालाचे पैसे कंपनीचे कसे झाले? विचारलं तर उत्तर आलं, तुम्ही ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे मालाची उधारी येणं असलेल्या; दाव्याचा फॉर्म बी भरा. भरला, इंग्रजीत, भाच्याला शेजारी बसवून. कर्जदात्यांच्या समितीत मत कोणाला? बँकांना आणि व्याजाने पैसे देणाऱ्यांना. आम्हाला किमान तेवढं द्यायचं, जेवढं कंपनी मोडीत काढली असती तर मिळालं असतं; आणि तारणवाल्या बँकांचं भागेपर्यंत तिथे उरतं काय?

बरं, कंपनीला दिवाळखोरीत न्यायचा अर्ज मी स्वतः आधीच का केला नाही? कारण थकबाकी १ कोटीची लागते. पूर्वी १ लाख पुरत होते. मार्च २०२० मध्ये, लॉकडाउनच्या तोंडावर, ही मर्यादा वाढवली ती लहान उद्योग दिवाळखोरीत ओढले जाऊ नयेत म्हणून. लहान उद्योगांना वाचवायला आणलेल्या नियमाने लहान उद्योगाकडून उधार घेणाराच वाचला. आणि सुनावणी? ती न्यायाधिकरणात, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या कोर्टात; तेही कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथलं, म्हणजे बेंगळुरूला. करारातही तेच होतं, वाद फक्त बेंगळुरूच्या कोर्टात. त्या करारावर मी फोनवर ‘मान्य’ दाबलं होतं. नसतं दाबलं तर दुकानच उघडलं नसतं. गिऱ्हाइकाला २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपल्या गावात तक्रार करता येते. विकणाऱ्या बाईने बेंगळुरूचं तिकीट काढायचं.

खरी आग पुढेच आहे. त्याच करारात अट होती की गिऱ्हाइकांचे फोन नंबर आम्ही लिहून ठेवायचे नाहीत, ती कंपनीची माहिती. खोक्यावरच्या स्टिकरवर नाव, पत्ता, नंबर सगळं डोळ्यांसमोर असायचं, पण इमानदारीने एकही उतरवला नाही. आता नवा मालक कंपनीसोबत ती यादीही घेऊन गेला, आणि माझ्या जुन्या गिऱ्हाइकांना दुसऱ्याच्या कुरडयांच्या जाहिराती पाठवतोय! अमेरिकेत २०२५ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ ही जनुकीय चाचण्यांची कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा लोकांची माहिती परस्पर विकू नका म्हणून अनेक राज्यं कोर्टात गेली. आपला डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. आणि न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या विलीनीकरणासारख्या व्यवहारांना त्यात सूट आधीच देऊन ठेवली आहे. तेवढी घाई मात्र बरोबर सुचते.

माझ्या मागण्या दोनच. विक्रेत्यांचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवायची सक्ती करा, आणि दाव्याचे फॉर्म मराठीत द्या. होणार नाही, माहीत आहे.

कारण ही सगळी यंत्रणा मोठ्यांच्या सोयीची आहे. टीव्ही-फ्रिजवाल्या व्हिडिओकॉनचं आठवतं? सुमारे ६५ हजार कोटींचे दावे आणि ३ हजार कोटींहून कमी रकमेची योजना. मुंबईच्या न्यायाधिकरणाने खरेदीदार जवळजवळ काहीच देत नाही असं म्हटलं आणि जून २०२१ मध्ये तीच योजना मंजूर केली! पुढे अपिलात रद्द झाली, ते वेगळं. सगळं धरून संहितेत धनकोंना रुपयाला बत्तीस पैशांच्या आसपास सुटतात, त्यात आमच्यासारखे कुठे? ३३० दिवसांची मुदत कायद्यात आहे, आमच्या प्रकरणाला दोन वर्षांच्या वर गेली. दर डिसेंबरात इथे अधिवेशन भरतं, मोर्चे निघतात, हुरडा पार्ट्या होतात. बचत गटांच्या शिबिरात साहेब माइकवर सांगून जातात, ताई, धंदा ऑनलाइन न्या, सरकार पाठीशी आहे. तो ऑनलाइन बुडाला तर कोणत्या खिडकीवर जायचं, ते एकही साहेब सांगत नाही. आमच्या बाया अजून विचारतात, “ताई, आपले पैसे कधी येतीन?”

याच मालासाठी मी मुद्रा कर्ज काढलं होतं. हप्ता ५ तारखेला जातो, चुकला तर सहा तारखेला बँकेचा फोन. तर महोदया, मीही व्हिडिओकॉनसारखी बँकेला रुपयाला चार-पाच पैसे देऊन मोकळी होऊ का? तेवढं लेखी कळवावं.

आपली,
महालातली एक गृहउद्योगवाली, नागपूर