रॅमचा आकडा मोठा, पण टायमिंगचं काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुना डेस्कटॉप अपग्रेड करण्याबद्दल रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. प्रोसेसर, एसएसडी वगैरे भाग मस्त जमलाय, पण रॅमचा विषय आला आणि लेखकाने एका ओळीत गुंडाळून टाकलं की मेगाहर्ट्झ जितके जास्त तितकी रॅम चांगली. तिथेच मला पत्र लिहायची खाज सुटली, कारण हेच वाक्य डोक्यात ठेवून माझा भाचा गेल्या महिन्यात चुकीचं किट (रॅमच्या स्टिकचा संच) उचलणार होता.

त्याने डीडीआर५ (रॅमची एक पिढी, डीडीआर४ नंतरची) ची दोन किटं बघून ठेवली होती, एक ६००० सीएल३० आणि दुसरं ६४०० सीएल४० (पहिला आकडा स्पीडचा, सीएल म्हणजे डेटा मागितल्यावर तो यायला लागणारे क्लॉकचे ठोके), आणि अर्थातच त्याचा सगळा जीव ६४०० मध्ये अडकलेला. म्हटलं थांब, कागद घे. सीएलच्या आकड्याला २००० ने गुणायचं आणि स्पीडच्या आकड्याने भागायचं, उत्तर नॅनोसेकंदात येतं. पहिल्या किटचं आलं १०, दुसऱ्याचं १२.५. म्हणजे मागितलेला डेटा हातात पडायला "फास्ट" वाल्या किटला सव्वापट वेळ! आता ६४०० ला बँडविड्थ (एका सेकंदात किती डेटा जातो ते) जास्त मिळते हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही, पण ती जास्त म्हणजे किती तर साडेसहा-सात टक्के, आणि गेममध्ये प्रोसेसर सारखा इकडून थोडं तिकडून थोडं असं मागत असतो, तिथे हा थांबण्याचा वेळच जास्त नडतो. भाचा म्हणाला, "मामा, मग हे बॉक्सवर का छापत नाहीत?" मला तरी याचं उत्तर सुचलं नाही.

गंमत म्हणजे हाच हिशोब जुन्या रॅमला लावून बघा. डीडीआर ४०० सीएल२, वीसेक वर्षांपूर्वीची, उत्तर १०. डीडीआर४ ३२०० सीएल१६, परत १०. डीडीआर५ ६००० सीएल३०, परत १०. स्पीड पंधरापट झाला आणि पहिला डेटा यायचा वेळ होता तिथेच आहे.

बरं, स्टिकवरच्या स्टिकरवर १६-१८-१८-३८ असे चार आकडे असतात, बहुतेक लोक ते बघतच नाहीत. रॅम म्हणजे एक जाडजूड रजिस्टर समजा. पान उघडलेलंच असेल तर त्यातली नोंद मिळायला लागणारा वेळ म्हणजे पहिला आकडा, तोच सीएल. पान उघडावं लागलं तर दुसरा आकडा. आधीचं भलतंच पान उघडं असेल तर ते मिटायला तिसरा. आणि एकदा उघडलेलं पान कमीत कमी किती वेळ उघडं ठेवायचं तो चौथा. हे सगळे क्लॉकच्या ठोक्यांमध्ये मोजलेले असतात, सेकंदात नाही, म्हणून तर दोन वेगळ्या स्पीडच्या किटांचे सीएल समोरासमोर ठेवून काही कळत नाही, आधी भागाकार करावाच लागतो.

आणि ते "मेगाहर्ट्झ" म्हणणं पण तसं चुकीचंच. डीडीआरमध्ये एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, त्यामुळे ३२०० वाल्या रॅमचं खरं क्लॉक १६०० मेगाहर्ट्झ असतं. सीपीयू-झेड या कॉम्प्युटरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १६०० बघून आपल्याला फसवलं म्हणून ओरडणारे मी स्वतः पाहिलेत.

आता दिव्याखाली अंधार कसा असतो ते ऐका. भाच्याला एवढं ज्ञान पाजून घरी आलो, सहज टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा स्पीड बघितला तर २१३३! माझी रॅम ३२०० ची, दीड वर्ष झालं घेऊन. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम बॉक्सवरच्या स्पीडला चालवायचं सेटिंग, चालू करायलाच विसरलो होतो. ते चालू केल्याशिवाय बोर्ड रॅमला तिच्या साध्या स्टँडर्ड स्पीडवरच चालवतो, बॉक्सवरचा आकडा आपोआप मिळत नाही. (एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर याच गोष्टीला एक्सपो म्हणतात.) ऑन केलं, सेव्ह करून रीस्टार्ट मारला, दोन मिनिटांचं काम. नंतर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवून ठेवली, एकही एरर नाही. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन बराच वेळ काळी राहू शकते, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, तेव्हा घाबरून पॉवरचं बटण दाबू नका.

माझं मत विचाराल तर आधी जीबी पुरतात का ते बघा, ८ जीबी भरून वाहत असेल तर कसलं आलंय टायमिंग. मग एकाऐवजी दोन सारख्या स्टिक घ्या, ड्युअल चॅनेलने, म्हणजे दोन वाटांनी एकदम डेटा जाऊन, बँडविड्थ थेट दुप्पट होते. बोर्डाला चार स्लॉट असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या, पण एकदा मॅन्युअल बघाच. ग्राफिक्स कार्ड नसेल आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागवायचं असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो. जुनी स्टिक ठेवून शेजारी नवीन फास्ट स्टिक लावली तर दोन्ही हळूवालीच्या चालीने चालणार, आणि डीडीआर५ मध्ये चारही स्लॉट भरले की स्पीड बऱ्याचदा खाली आणावा लागतो.

प्रोसेसरपण बघावा लागतो. एएमडीच्या रायझन ३००० आणि ५००० मालिकेतल्या प्रोसेसरना रॅमचा स्पीड साधारण ३६०० च्या पुढे गेला की रॅम आणि प्रोसेसरचे भाग जोडणाऱ्या आतल्या फॅब्रिकचं क्लॉक सहसा एकास एक राहत नाही, मग आकडा वाढतो आणि काम उलट हळू होतं. रायझन ७००० मालिकेला ६००० सीएल३० रॅम हे बहुतेकांसाठी पुरे. इंटेलचे जुने बी आणि एच सिरीजचे बोर्ड तर प्रोसेसरच्या ठरलेल्या स्पीडच्या वर रॅम जाऊच देत नाहीत, तिथे महागडं किट घेऊन काय करणार.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी रॅमचा तक्ता छापाल तेव्हा स्पीडच्या शेजारी सीएल आणि नॅनोसेकंद असे दोन रकाने वाढवा, जागा कमी पडत असेल तर एलईडी लाईटचा रकाना काढला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक