आधी कॉलेजातलं फेअर जर्नल बंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ॲडमिशनचे दिवस आले की नाशिकमधल्या बीएस्सीवाल्यांच्या घरी एकच चर्चा, एमएस्सी करायचं का सरळ नोकरीला लागायचं. मधला एक रस्ता आहे तो कोणी धड सांगत नाही, वर्षभराची अप्रेंटिसशिप. मी केमिस्ट्रीत बीएस्सी झाल्यावर अंबड एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासतात तिथे, एक वर्ष काढलं आणि आता एमएस्सीला आहे. त्या वर्षाबद्दलच लिहितेय, पण तक्रार कंपनीपेक्षा आपल्या कॉलेजांच्या प्रॅक्टिकलबद्दल जास्त आहे.

सुरुवातीला तर आम्हाला कोणी मशीनला हातच लावू दिला नाही. एसओपी, म्हणजे प्रत्येक काम कसं करायचं याच्या लेखी सूचना, वाचायच्या, समजल्या म्हणून सही करायची, सीनियर काय करतात ते मागे उभं राहून बघायचं, फार तर वजनकाट्याचं रोजचं कॅलिब्रेशन आणि पीएच मीटर. आम्हा सगळ्यांनाच वाटलं, हे काय, पोरांना फुकट बसवून ठेवलंय. मग हळूहळू डिसोल्युशन मिळालं. गोळी पोटात गेल्यावर किती वेळात किती विरघळते ते बघायची टेस्ट ही. सहा बाऊल, प्रत्येकात 900 मिली मीडियम, म्हणजे गोळी विरघळायचं द्रावण, तापमान 37 डिग्री, त्यात अर्ध्या डिग्रीची सूट, पॅडल फिरतंय, आणि गोळ्या सहाच्या सहा एकदम नाही टाकायच्या, ठराविक सेकंदांच्या अंतराने एकेक सोडायची म्हणजे सॅम्पलही त्याच अंतराने काढता येतं. वेळेची सूट दोन टक्के, म्हणजे 30 मिनिटांच्या सॅम्पलला 36 सेकंद पुढे नाहीतर मागे, बस. तेवढ्यात सहा सिरिंज, सहा फिल्टर, सहा टेस्ट ट्यूब आणि प्रत्येकीवर आधीच लावलेलं लेबल. कॉलेजात तीन तासाचं प्रॅक्टिकल दीड तासात उरकून कँटीन गाठणारे आम्ही, इथे घामाघूम.

आता मुद्द्याचं. कॉलेजात आपण काय करतो तर रीडिंग आधी रफ जर्नलमध्ये, नाहीतर हाताला लागेल त्या चिटोऱ्यावर, तेही पेन्सिलने. मग घरी जाऊन फेअर जर्नल, सुवाच्य अक्षरात, सगळ्या आकृत्या पट्टीने आखून. टायट्रेशनची, म्हणजे बुरेटच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडून मोजायच्या प्रयोगाची, तीन रीडिंग 10.1, 10.1, 10.1 आणि कॉन्स्टंट बुरेट रीडिंग 10.1. असं कुठल्या पोराचं खरंच येतं हो? एखादं 10.4 आलं तर ते खोडायचं, आणि फारच गडबड झाली तर सीनियरचं जर्नल आहेच. सर्टिफाय करणाऱ्या सरांनाही माहीत असतं आणि एक्स्टर्नललाही, कारण त्यांनीही त्यांच्या वेळी हेच केलेलं.

कंपनीत यातली प्रत्येक गोष्ट गुन्ह्यात मोडते. आकडा दिसला त्या क्षणी, पेननेच, दिलेल्या पानावरच लिहायचा. चिटोऱ्यावर लिहून नंतर उतरवला तर तो डेटाच धरत नाहीत. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर लॅबमध्ये दिसतासुद्धा कामा नये. रिझल्ट लिमिटच्या बाहेर गेला तर 'परत करून बघू' असं मनाने करता येत नाही, आधी चौकशी, वजन बघा, डायल्युशन बघा, कॉलम बघा, आणि पहिला रिझल्ट कायमचा रेकॉर्डवर राहतो. एचपीएलसीच्या, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनच्या, कॉम्प्युटरवर तर कोणी किती वाजता लॉगिन केलं आणि ग्राफमधल्या पीकच्या (उंचवट्याच्या) खालची रेघ कोणी सरकवली हेही निघतं.

आमच्या वेळी एका परदेशी कस्टमरचं ऑडिट होतं. ऑडिटर बाईंनी एका इन्स्ट्रुमेंटचं लॉगबुक सहज म्हणून उघडलं आणि एका नोंदीवर बोट ठेवलं. 7 होता त्याचा 9 केलेला, गिरवून. आकडा 7 असता तरी चाललं असतं, लिमिटमध्येच होता, पण बाईंना आकड्याशी घेणंदेणं नव्हतं, ह्याने इथे गिरवलंय तर अजून कुठे कुठे गिरवलं असेल एवढंच त्यांना हवं होतं. पुढचा अख्खा दिवस त्या लॉगबुकची जुनी पानं चाळण्यात गेला, सेक्शन हेड साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. लिहिणारा आमच्याच बरोबरचा ट्रेनी. बिचारा म्हणत होता की तीन वर्षं जर्नलमध्ये असंच करत आलो, कोणी कधी बोललंच नाही. खरंच होतं त्याचं.

हा कागदी बाऊ नाही. रॅनबॅक्सीसारख्या मोठ्या कंपनीने 2013 मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि 50 कोटी डॉलर भरले, त्यात तपासण्यांबद्दल खोटी माहिती दिल्याचा भागही होता. आणि 2025 मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने लहान लेकरं गेली ते तर सगळ्यांनी वाचलंय, त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. कच्चा माल आला की त्यात हे नाही ना हे बघणं आमच्यासारख्याच कोणाच्या तरी बेंचवरचं काम असतं. ती टेस्ट नीट करून जे आलं ते लिहायचं, का न करताच 'कंप्लाइज', म्हणजे निकषात बसतं, असं लिहायचं, ही सवय नोकरीला लागल्यावर लागत नाही, एफवायच्या प्रॅक्टिकलपासूनच लागते.

नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, चार क्रेडिट म्हणजे 120 तास. चांगलंच आहे, पण 120 तासांत क्यूसी लॅबमध्ये पोरगं फक्त एसओपी वाचून परत येतं, मशीन हातात येईपर्यंत सर्टिफिकेट मिळून जातं. वर्ष लागतंच. त्याशिवाय काही कामं अशी असतात की वर्षाशिवाय दिसतच नाहीत. स्टॅबिलिटीचं, म्हणजे औषध किती दिवस चांगलं टिकतं ते बघण्याचं, उदाहरण घ्या, 30 डिग्री आणि 75 टक्के दमटपणाच्या चेंबरमध्ये गोळ्या ठेवतात आणि तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या महिन्यात काढून तपासतात. एकाच बॅचच्या गोळ्या दर तीन महिन्यांनी परत आमच्याकडे यायच्या आणि त्यातली एक अशुद्धता हळूहळू वाढताना दिसायची. एक्सपायरी डेट कुठून येते हे पुस्तकात वाचलेलं होतं, समजलं तिथे. इंग्लंडमध्ये सायन्सच्या बऱ्याच डिग्र्यांमध्ये शेवटच्या वर्षाच्या आधी एक अख्खं वर्ष कंपनीत घालवायची सोय असते आणि मूल तेव्हाही कॉलेजचंच विद्यार्थी असतं. आमचा मात्र कॉलेजशी संबंध मार्कशीट हातात पडली तिथेच संपला. वर्षभरात एकही सर किंवा मॅडम लॅब बघायला आले नाहीत. आले असते तर पुढच्या वर्षीचं प्रॅक्टिकल त्यांनीच बदललं असतं अशी माझी खात्री आहे.

पैशाचंही सांगते, कारण आईवडील पहिलं तेच विचारतात. 2019 च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसला महिन्याला किमान 9000 रुपये ठरले. माझं घर सिडकोतच, त्यामुळे माझं भागलं. पण सुरगाणा, पेठ, कळवणहून आलेल्या मुली उत्तमनगरला कॉट बेसिसवर राहायच्या, भाडं आणि मेस दिली की महिन्याच्या शेवटी रिचार्जला पैसे नसायचे. त्यात सेकंड शिफ्ट सुटणार रात्री अकराला आणि कंपनीची बस फक्त परमनंट लोकांसाठी. हे असंच राहिलं तर हे वर्ष फक्त शहरात घर असलेल्यांच्याच वाट्याला येणार. सरकारने म्हणा, कंपन्यांनी म्हणा, निदान बसचं तरी बघावं, रिकाम्या सीटा घेऊन जातेच ना ती.

कॉलेजांकडे मात्र पैसे न लागणारी मागणी आहे. रफ-फेअर प्रकार बंद करा, एकच जर्नल ठेवा, लॅबमध्येच पेनने लिहायचं आणि जाताना लॅबमध्येच जमा करायचं. अक्षर वाईट असू दे, डाग पडू दे. आणि यंदाच्या प्रॅक्टिकल परीक्षेला एखाद्याची रीडिंग 9.8, 10.3, 10.0 अशी आली तर 'जुळव रे' म्हणू नका, अशी का आली ते वायव्हात विचारा आणि उत्तर पटलं तर पूर्ण मार्क द्या.

आपली,
एमएस्सी केमिस्ट्रीची एक विद्यार्थिनी,
सिडको, नाशिक