वाल सोलले तर किती स्टार?

नागाव, अलिबाग
श्रावणी सोमवार

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत येऊन गेलात, त्यानंतर फोनवर दोनदा बोलणे झाले. पण जे सांगायचे होते ते फोनवर सांगता आले नाही. फोनवर तू घाईत असतोस, आणि मलाही बोलताना विचार नीट मांडता येत नाहीत. आज पुन्हा सोमवार आहे, वाल सोलून झाले आहेत आणि बिरडे शिजत आहे, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. हे पत्र सौ. अदितीनेही वाचावे, अशी इच्छा आहे.

मागच्या सोमवारी दुपारी तुम्ही दोघे समुद्रावर गेला होतात, तेव्हाची गोष्ट आहे. शनिवारी रात्री मी अर्धा किलो कडवे वाल भिजत घातले होते, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधले होते, आणि सोमवारी दुपारपर्यंत त्यांना चांगले मोड आले होते. कोमट पाण्याची परात पुढ्यात घेऊन मी सोलायला बसले, तशी इरा येऊन शेजारच्या पाटावर बसली. वाल चिमटीत धरायचा, हलकेच दाबायचा, की साल बोटांत राहते आणि डाळिंबी बाहेर येते, एवढे मी तिला एकदाच दाखवले. पहिला वाल तिने जोरात दाबला तर त्याचे दोन तुकडे झाले. दुसराही तुटला. तिसऱ्या वालाची डाळिंबी मात्र अख्खी सुटून पातेल्यात पडली, आणि ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजी, वाल सोलले तर किती स्टार?"

मला क्षणभर काही कळलेच नाही. मग तिनेच समजावून सांगितले, की तुमच्या घरी फ्रिजवर एक तक्ता लावलेला आहे, कपड्यांच्या घड्या केल्या की दोन स्टार, झाडांना पाणी घातले की एक, खेळणी आवरली की एक, आणि वीस स्टार झाले की बाबा दुकानातून हवी ती वस्तू घेऊन देतो. वाल सोलण्याचे काम त्या तक्त्यात नव्हते, म्हणून त्याचा दर तिला ठाऊक नव्हता. मी एवढेच म्हणाले, की इथे तक्ता नाही, रात्री आपण सगळे बिरडे खाऊ. तिचा हात थांबला. थोडा वेळ ती नुसती पाण्यात बोटे बुडवून बसली, आणि मी तिला काही न म्हणता माझे वाल सोलत राहिले.

त्यानंतर जे झाले ते तू पाहायला हवे होतेस. एक वाल तिच्या बोटांतून निसटून उडाला तो थेट माझ्या केसांत येऊन बसला. ती खदखदून हसली. मग तिने मुद्दाम तसा प्रयत्न करून पाहिला, तेव्हा तो उडेना, आणि का उडत नाही याचा शोध सुरू झाला. मोडाकडच्या टोकाने धरले तर काय होते, मधोमध धरले तर काय होते, हे तिने एकेक करून पाहिले. थोड्या वेळाने मोडांच्या शेपट्या झाल्या, वाल म्हणजे उंदरांची पिल्ले झाली, परात म्हणजे त्यांचे न्हाणीघर झाले, आणि आंघोळ झाल्यावर प्रत्येकाचे अंगडे काढून त्याला पातेल्यातल्या घरात झोपवायचे, असा नियम ठरला. जे पिल्लू तुटले त्याला वेगळ्या वाटीत, दवाखान्यात ठेवले. हा सगळा खेळ तिचा तिने रचला. मी त्यात एक शब्दही घातला नाही. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाऊण तास, ती जागची हलली नाही. स्टारची आठवण तिला पुन्हा झाली नाही.

तुम्ही तक्ता चांगल्या हेतूने लावला, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मूल आपण होऊन घरकामात हात घालायला येते, त्याची सवय टिकावी असे आईवडिलांना वाटते, आणि बक्षीस दिले की सवय टिकेल असा सरळ हिशेब मनात येतो. माझी काळजी वेगळी आहे. इरा कामाला येत होती ती खेळायला मिळते म्हणून. आता तिला आपण असे शिकवत आहोत, की हे खेळण्यासारखे नसून मोबदला घेऊन करण्यासारखे आहे.

तीस वर्षे मी बालवाडीत काढली, म्हणून या विषयावर थोडे अधिकाराने लिहिते. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले, तेव्हा झाडणे, टेबल धुणे, भांडी मांडणे, बटणे लावणे या रोजच्या कामांना त्यांनी शिक्षणात मानाचे स्थान दिले आणि मुलांच्या हाताला बसतील अशी लहान साधने करवून घेतली. त्यांनी नोंदवलेले एक निरीक्षण मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून उपयोगी पडले. मोठा माणूस काम संपवण्यासाठी काम करतो, आणि लहान मूल काम करण्यासाठी काम करते. टेबल स्वच्छ झाले की आपला हात थांबतो. मूल स्वच्छ झालेले टेबल पुन्हा धुवायला घेते, कारण फडके पिळण्यात, पाण्याचे ओघळ पाहण्यात, हात गोल गोल फिरवण्यात त्याला जे हवे असते ते मिळत असते. आपण घाई करतो, ती आपल्या हिशेबाने बरोबर असते. पण त्याचा हिशेब निराळा असतो.

बक्षिसाबद्दलही एक गोष्ट सांगते. १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत एक प्रयोग झाला. ज्या मुलांना चित्रे काढायला मुळातच आवडत असे, त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधी सांगितले, की चित्रे काढलीत तर सोनेरी शिक्क्याचे आणि फितीचे प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्र अचानक दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिले, तर बक्षीस ठरवून चित्रे काढलेली मुले इतरांच्या मानाने निम्माच वेळ रंगांकडे वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती. पुढे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीस महिन्यांच्या मुलांबाबतही असेच दिसले: मदत केल्याबद्दल ज्यांना वस्तू दिली गेली, ती नंतर कमी वेळा मदतीला आली. म्हणून इराने काही छान केले तर तिला पोटाशी धरण्यात किंवा एखाद्या संध्याकाळी सहज आइस्क्रीम खाऊ घालण्यात काही वावगे नाही. आधी दर ठरवून काम करवून घेतले, की आवड उणावते.

आता माझ्याकडून झालेली एक चूक तुला सांगते. ती तुला आठवते की नाही मला माहीत नाही. तू सहा वर्षांचा होतास. दुपारच्या जेवणानंतर मागच्या मोरीवर बसून वाट्या आणि चमचे घासण्याचे काम तू आपण होऊन घेतले होतेस. वाट्यांच्या होड्या होत, चमचे वल्हवणारे होत, मोठे पातेले म्हणजे रेवस बंदर असे, आणि नारळाच्या शेंडीला राख लावून तू एकेक होडी घासून बंदराला लावत असस. या खेळाला अर्धा तास लागे आणि वाट्यांना तेल तसेच राही. एका दुपारी पाहुणे यायचे होते, म्हणून तू घासलेल्या सगळ्या वाट्या मी तुझ्या देखत पुन्हा मोरीत टाकल्या आणि भराभर घासून काढल्या. रागावले नाही, एक शब्दही बोलले नाही. तू दारात उभा राहून पाहत होतास. त्यानंतर तू मोरीवर आला नाहीस. महिन्याभराने मी स्वतः बोलावले, तेव्हा म्हणालास, "तू परत घासतेसच ना." हे वाक्य मी इतक्या वर्षांत विसरू शकलेले नाही. शिवाय त्या सुमारास घरातले कोणी ना कोणी तुला मुलग्याने मोरीवर बसायचे नसते असे ऐकवत असत, आणि मी त्यांना कधी अडवले नाही. पुढे लग्न झाल्यावर तू भांडी घासायला शिकलास, ते अदितीमुळे. मी तुझ्या हातून सहाव्या वर्षी जे काढून घेतले, ते तिने तुला तिसाव्या वर्षी परत दिले, आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर माझ्या म्हणण्याचा भलता अर्थ निघेल. बालवाडीत असताना मी अशा मुली पाहिल्या आहेत, ज्या सातव्या वर्षी कडेवर भावंड घेऊन येत, आणि त्याआधी विहिरीवरून दोन खेपा पाणी आणलेले असे. त्या कामाला खेळ म्हणणे ही त्या मुलींची क्रूर थट्टा होईल. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा अनुताई वाघांसह त्यांच्यापुढे हीच मुले होती. भावंडे सांभाळणारी, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात आणि कुरणात नेली. शिंपले, बिया, पाने, खडे ही त्यांची साधने होती. काम तेच असले तरी जे मुलाला नको झाले म्हणजे सोडता येते, त्यातच खेळ राहू शकतो. जे सोडता येत नाही, ते ओझे असते. इरा पाऊण तासाने उठून मांजरामागे पळाली आणि उरलेले वाल मी एकटीने सोलले, हे मला अगदी योग्य वाटले.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. तक्ता एकदम फाडून टाकू नका. तिचे सोळा स्टार झाले आहेत, दिलेला शब्द पाळा, वीस होऊ द्या, वस्तू घेऊन द्या आणि मग नवा तक्ता लावू नका. तिने विचारले तर खरे तेच सांगा, की हे आपले घर आहे आणि आपण तिघे मिळून ते चालवतो. रोज सकाळी तुमच्या धावपळीत तिला काम देणे शक्य नाही, हे मी जाणते. आठवड्यातली एक सकाळ, रविवारची, घड्याळ न पाहता तिला द्या. खेळण्यातली कुकरची भांडी नकोत, खरी वाटी, खरा मटार, खरे फडके द्या. तिला काम लावून स्वतः फोन घेऊन बसू नका, तिच्या शेजारी बसून तुम्हीही तेच काम करा. मटार सोलताना निम्मे तिच्या तोंडात जातील, ते जाऊ द्या. तिने केलेल्या टॉवेलच्या घड्या तिरक्या असतील तर तशाच कपाटात ठेवा, निदान ती झोपेपर्यंत. आणि तिने खेळ मांडला तर त्यात आपले नियम घालू नका. "बघू कोण आधी संपवते" असे आपण म्हटले, की तिचा खेळ संपून आपली शर्यत सुरू होते.

एसटीने येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर दोन किलो कडवे वाल पाठवत आहे. या वर्षीचेच आहेत, पण पुण्याच्या थंड हवेत मोड यायला इथल्यापेक्षा थोडा अधिक वेळ लागेल, तर फडके उबेला ठेवा. आणखी एक काम आहे. इराने जाताना मला विचारले होते, की तुझे लाटणे माझ्या हातात का मावत नाही. गावातल्या सुताराशी मी बोलले आहे. तो शिसवीचे लहान लाटणे आणि त्याच्या बेताचा पोळपाट करून देणार आहे. मूठ वळून तिचा हात कागदावर ठेवा, पेन्सिलीने भोवती रेघ काढा आणि तो कागद मला पोस्टाने पाठव. फोटो नको, त्यावरून सुताराला माप कळत नाही.

तुझी,
आई