तुझ्या धाकट्या चंद्राचा हिशेब

प्रिय सुलभा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मागच्या दोन पत्रांना मी उत्तर दिले नाही, आणि आता लिहायला बसले आहे ते अडचणीत सापडले म्हणून, हे तू पहिल्या ओळीतच ओळखशील; तेव्हा ते कबूल करूनच पुढे जाते. प्रकृती ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचे काय एवढे.

गेल्या आठवड्यात वाचकांशी गप्पांचा कार्यक्रम होता. नेहमीचे प्रश्न झाले: माझ्या पुस्तकातल्या पैलबेटाची भाषा कशी सुचली, मंत्र म्हणणाऱ्याची एकेक आठवण का पुसली जाते, दुसरा भाग कधी येणार. मग शेवटच्या रांगेतून चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी वही घेऊन उभी राहिली. थोरल्या चंद्राची पौर्णिमा दर 30 दिवसांनी आणि धाकट्याची दर 20 दिवसांनी येते असे तुम्ही पहिल्याच प्रकरणात लिहिले आहे, मग दोन्ही चंद्रांची एकाच रात्री येणारी जुळी पौर्णिमा 12 वर्षांनी कशी येते, ती दर 60 दिवसांनी यायला हवी, असे तिने विचारले. सगळे हसले, ती मात्र हसली नाही. तुमचे वर्ष 360 दिवसांचे आहे, म्हणजे 12 वर्षांत अशा 72 जुळ्या पौर्णिमा होतात, असेही तिने वहीत बघून सांगितले. मी पाण्याचा घोट घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ते कोडे मी मुद्दामच ठेवले आहे, उत्तर दुसऱ्या भागात मिळेल." टाळ्या पडल्या. इतक्या सफाईने मी याआधी फक्त तुझ्या वहीतून उतरवलेले गणित स्वतःचे म्हणून दाखवले होते.

धाकटा चंद्र तुझा. त्याच्या फेरीचा अपूर्णांक तूच काढून दिला होतास, आणि तो तसाच ठेव म्हणून बजावले होतेस, कारण आपल्या खऱ्या चंद्रालासुद्धा पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत सुमारे 29.53 दिवस लागतात आणि आकाशात पूर्णांक सहसा सापडत नाहीत. अपूर्णांक असते तर दोन्ही पौर्णिमा नेमक्या एकाच रात्री पडणे खरोखरच दुर्मिळ झाले असते. मी मात्र "कथेत दशांशचिन्ह कोण वाचणार?" असे म्हणून 20 आणि 30 करून टाकले. त्यावरून आपला जो अबोला झाला तो 29 दिवस टिकला. उरलेल्या अर्ध्या दिवसाचे काय झाले, ते तूच सांग. त्याच सुमारास, माझ्या नकाशातली नदी घाट चढून पलीकडे उतरते म्हणून तू तिचे नाव 'कष्टाळू' ठेवले होतेस. ती मी दुरुस्त केली, पण तुझे आभार मानले नाहीत.

जुळ्या पौर्णिमेच्या उधाणानंतर समुद्र खोल ओसरतो आणि पैलबेटाला चालत जायची वाट उघडते, अशी माझी कथा. घरी येऊन मी हिशेब मांडला तेव्हा मूळ चूक त्याहून मोठी निघाली. उधाण जसे पौर्णिमेला येते तसेच अमावास्येलाही येते, कारण समुद्राला चंद्र आणि सूर्य एका रेषेत असले की पुरते. ते एका बाजूला आहेत की समोरासमोर, याने फारसा फरक पडत नाही. जुळ्या पौर्णिमेनंतर तिसाव्या दिवशी थोरल्याची पुन्हा पौर्णिमा असते आणि धाकट्याची अमावास्या. म्हणजे दर 30 दिवसांनी मोठे उधाण, तितकीच खोल ओहोटी, आणि पैलबेटाची वाट उघडी. बारा वर्षांत 144 वेळा! बेटावरची वेगळी बोली, तिथले बंद राज्य, ते सगळे ज्या एकांतावर उभे केले तो एकांतच उरला नाही.

पहिली पळवाट कक्षेच्या कलाची सुचली. आपल्या चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही; तसेच इथे धाकटा थोरल्याच्या बरोबर समोरून 12 वर्षांतून एकदाच जातो, असे म्हणता येईल. त्याने आकाश सावरते, समुद्र सावरत नाही. पाच अंशांनी उधाण अडत नाही, हे ती मुलगी पुढच्या वेळी वही उघडून सांगेल.

या धंद्यात माझ्याआधीही माणसे अशी सापडली आहेत. विज्ञानकथाकार लॅरी निव्हन यांच्या 1970 सालच्या 'रिंगवर्ल्ड' कादंबरीतले ताऱ्याभोवतीचे ते प्रचंड कडे जागेवर स्थिर राहणार नाही, हे पुढच्याच वर्षी एका संमेलनात विद्यार्थ्यांनी घोषणा देऊन सांगितले होते, आणि 1980 च्या पुढच्या भागात त्यांनी त्याचा बंदोबस्त केला. मला जास्त आवडते ती टॉल्किन यांची युक्ती. 1937 च्या 'द हॉबिट'मध्ये गुहेत राहणारा गॉलम आपली जादूची अंगठी नायक बिल्बोशी लावलेल्या पैजेचे बक्षीस म्हणून स्वखुशीने लावतो; पुढच्या कथेत अंगठीचे स्वरूप बदलले, म्हणून 1951 च्या आवृत्तीत त्यांनी ते प्रकरण बदलले आणि जुनी हकीकत ही बिल्बोने मारलेली थाप होती, असे ठरवून टाकले. लेखकाची चूक पात्राच्या गळ्यात, आणि पात्र त्यामुळे अधिक खरे!

माझ्याकडे थाप मारायला नावाडी आहेत. वाट दर महिन्याला उघडते हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, पण लोक चालत गेले तर होडीत कोण बसणार? म्हणून जुळ्या पौर्णिमांपैकी दर बहात्तरावीच खरी, बाकीच्या अशुभ, त्या रात्री किनाऱ्यावर जाणारा परत येत नाही, अशी समजूत त्यांनी रुजवली आहे. आकाश सर्वांना दिसते. खोटी आहे ती मोजणी. दुसरा भाग या मोजणीवर उभा राहील आणि, माझ्या मते, पहिल्यापेक्षा चांगला होईल.

इथेच माझा हात थांबला आहे. मोजणी खोटी ठरली की कथेतल्या ओवीच्या आईचे काय होते ते बघ. तिने 12 वर्षे किनाऱ्याकडे तोंड करून वाट पाहिली, वाचक तिच्यासाठी रडले, आणि आता मी सांगणार की वाट तिच्या घरामागे दर महिन्याला उघडत होती. ती कोणावरून घेतली, हे वाचकांना माहीत नाही. तू पहिल्याच पानावर ओळखलेस आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. माईंची ती दाराकडे वळवलेली खुर्ची मी तशीच्या तशी पुस्तकात ठेवली, पण दादा किती जवळ राहत होता हे आपल्याला नंतर कळले ते मी तेव्हा लिहिले नव्हते. आता गणितच मला तिथे नेऊन उभे करते आहे. तुला न विचारता मी हे लिहिणार नाही. तू नको म्हणालीस तर कल आणि ग्रहण घेऊन कसेबसे निभावेन, आणि त्या मुलीची बोलणी खाईन.

तू निवृत्त झालीस त्याचे अभिनंदन करायचे राहून गेले. लेकीचे नव्या नोकरीत बरे चालले असेल. दुर्बीण घेतलीस की अजून किमतीच बघते आहेस?

ती जुनी वही तुझ्याकडेच असणार. कक्षांचे पान तेवढे पाठव, अपूर्णांकासकट.

तुझी,
विजू